रस्त्याखालच्या दोन पायऱ्या

मुकादमकाका कुणाच्या नव्या घरी गेले की आधी पाण्याचा मग मागायचे. घरच्या बाईला वाटायचं, तहान लागली असेल बिचाऱ्यांना. ती लगबगीने पेला भरून आणायची. "पेला नको वहिनी, मग द्या. न्हाणीतला." आणि तो मग घेऊन गृहस्थ थेट न्हाणीघरात शिरायचे, लांबच्या कोपऱ्यात पाणी ओतायचे आणि उकिडवे बसून ते कुठे जातंय ते बघत राहायचे. पाणी सरळ जाळीत गेलं, तर बाहेर येऊन निवांत चहा प्यायचे. वाटेत कुठे रेंगाळलं, तर चहाचा कप हातात घ्यायच्या आधीच जाहीर करायचे, "फरशी पुन्हा बसवावी लागणार." पाहुणचाराची ही तऱ्हा सगळ्यांना रुचायचीच असं नाही. गल्लीतल्या दोन घरांनी तर काकांना नवं न्हाणीघर दाखवायचं नाही, असा कानाला खडा लावला होता. त्याच दोन घरांच्या भिंतींना पुढे ओल आली, हेही सांगून टाकलेलं बरं.

चौतीस वर्षं काका रस्त्यांच्या कामावर होते, त्यातली शेवटची वीस मुकादम म्हणून. पंचवीस माणसांची टोळी, एक रोलर, डांबराची भट्टी आणि काकांचा आवाज, एवढ्या भांडवलावर लांबच्या लांब रस्ते झाले. डांबराबद्दल मात्र त्यांना फारसा आदर नव्हता. "डांबर म्हणजे नुसता सदरा," ते म्हणायचे. "आतला माणूस धड हवा. पाण्याला जायला वाट ठेवा, बाकीचं रस्ता स्वतःच बघून घेतो."

उतार कळणारा माणूस त्यांना जन्मात एकच भेटला, आणि तो राहायचा त्यांच्याच गल्लीत, अगदी खालच्या टोकाच्या घरात. तो गवंडी होता. काकांच्या न्हाणीघरातली निळी फरशी त्यानेच बसवलेली. काकांनी एका कोपऱ्यातून पाणी ओतलं, ते शहाण्यासारखं जाळीत गेलं. दुसऱ्या कोपऱ्यातून ओतलं, तेच. काका तिसऱ्यांदा मग भरायला लागले तेव्हा गवंडी म्हणाला, "पाणी तुमचं आहे काका, ओता हवं तेवढं. पण मला जेवायला जायचंय." त्या दिवसापासून दोघांची गट्टी जमली ती गवंडी जाईपर्यंत टिकली. तो फार लवकर गेला, चाळिशीसुद्धा नीट उलटली नव्हती. मागे बायको आणि शाळेत जाणारी मुलगी. बायकोने शिवणयंत्र घेतलं, आणि वर्षभरात सगळी गल्ली तिला टेलरताई म्हणायला लागली.

आता या गल्लीबद्दल सांगायला हवं. दोन्ही बाजूंना सात-सात घरं, आणि वरच्या टोकापासून खालच्या टोकापर्यंत उतरत जाणारा रस्ता. जागा खासगी, त्यामुळे सरकारी कागदांत या रस्त्याचा पत्ताच नव्हता. एकतीस वर्षांपूर्वी घरं बांधणाऱ्यांनी वर्गणी काढून तो केला होता, आणि जे काही करायचं ते पुढेही त्यांनीच करायचं होतं. सध्या त्याची अशी दशा होती की गल्लीत नवखा माणूस आला तर तो चालण्यावरून ओळखू यायचा. जुनी माणसं न बघता डावीकडे तीन पावलं, उजवीकडे दोन, मध्ये एक लांब ढांग, अशी जायची. नवखा सरळ चालायचा आणि दहाव्या पावलाला घोट्यापर्यंत आत जायचा.

शेवटी चष्मेवाल्यांनी पुढाकार घेतला. कोपऱ्यावर त्यांचं चष्म्यांचं दुकान होतं, आणि माणूस खटपट्या होता. त्यांनी ठेकेदार गाठला, अंदाज मागवला. जुन्या रस्त्यावरच नवा थर टाकायचा तर प्रत्येक घराला इतका वाटा, आणि जुना खणून काढून तळापासून करायचा तर जवळजवळ दुप्पट. चष्मेवाल्यांनी गल्लीच्या मोबाइल ग्रुपवर सगळं लिहिलं आणि खाली आपला कौल देऊन टाकला: "थर टाकणंच शहाणपणाचं. आपल्या मुकादमकाकांचे अठरा वर्षांपूर्वीचे शब्द आठवा: मुरलेला जुना रस्ता हाच नव्या रस्त्याचा सगळ्यात पक्का पाया. रविवारी सकाळी माझ्या गच्चीवर बैठक."

काकांनी ते वाचलं आणि फोन पालथा ठेवला. समोर काकू भाजी निवडत होत्या. त्यांनीही वाचलं होतं. त्या फक्त एवढंच म्हणाल्या, "आता हो?"

कारण ते शब्द काकांचेच होते, आणि ते धडधडीत खोटे होते. काकांच्या समजुतीप्रमाणे हे जगात दोनच माणसांना माहीत होतं, काकांना आणि काकूंना.

अठरा वर्षांपूर्वी रस्ता पहिल्यांदा उखडला, ते गवंडी गेला तेच वर्ष. तेव्हाही प्रश्न हाच होता, खणायचं की वर थर टाकायचा. उत्तर काकांना झोपेतही देता आलं असतं: खणायचं. थर टाकला की रस्ता चढणार, घरं तिथेच राहणार आणि सगळं पाणी खालच्या घराकडे धावणार. पण त्याच आठवड्यात काकांनी गवंड्याची सायकल कुणी परका माणूस घेऊन जाताना पाहिली होती. त्याच्या अवजारांची पिशवीही मागे बांधलेली होती. दुप्पट वाटा ती बाई देऊ शकणार नव्हती, आणि कुणी तिच्यातर्फे भरला असता तर तिने तो घेतला नसता. म्हणून बैठकीत काका उठले आणि आपला सगळा अधिकार आवाजात आणून म्हणाले, मुरलेला जुना रस्ता हाच पक्का पाया. मुकादमाच्या शब्दापुढे कोण बोलणार? एक थर, त्याने असं काय आभाळ कोसळणार आहे, अशी त्यांनी स्वतःची समजूत घातली.

दहा वर्षांपूर्वी काका चार महिने लांबच्या कामावर होते. परत आले तर गल्लीत दुसरा थर पडलेला. "तुमचंच ऐकलं हो," सगळे कौतुकाने म्हणाले. काकांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. खालच्या घराला तीन पायऱ्या होत्या, गवंड्याने स्वतः बांधलेल्या. पहिल्या थराने एक गिळली, दुसऱ्याने दुसरी. शेजारच्या गटाराचं तोंडही अर्धं बुजलं.

चष्मेवाल्यांचा मजकूर वाचला त्या संध्याकाळी काका एक पॅन्ट आखूड करून घ्यायच्या निमित्ताने टेलरताईंकडे गेले. निमित्तच ते, कारण पॅन्ट त्यांना बरोबर बसत होती. दुसरा थर पडल्यापासून शरमेने ते त्या घरात गेले नव्हते. आत पाऊल टाकलं आणि त्यांना आपण ठेंगणे झाल्यासारखं वाटलं. शिवणयंत्राच्या पायांखाली दोन-दोन विटा. ताईंच्या स्टुलाखाली विटा. कापड बेतायचं टेबल विटांवर, पलंग विटांवर, कपाट विटांवर. शिवायला आलेले कपडे बोचक्यांत बांधून खुंट्यांना टांगलेले. भिंतीवर गुडघ्याच्या खाली एक तपकिरी रेघ सगळ्या खोलीभर फिरली होती.

"बसा की काका," ताई वरून म्हणाल्या. "बघताय काय? उंच झालेय मी."

"या विटा..."

"विटांना काय तोटा? गवंड्याचं घर आहे." त्यांनी पॅन्ट हातात घेतली, उलटी-सुलटी केली. "ही चांगली आहे की. कशाला कापताय?"

ताईंनी पॅन्टची घडी केली आणि यंत्रावर ठेवली. "ग्रुपवर वाचलं मी," त्या म्हणाल्या. "अजून एक थर म्हणजे रस्ता उंबरठ्याला येणार. या वेळी थर पडला ना काका, तर मी हे घर विकते आणि लेकीकडे जाते. तिचा तिसरा मजला आहे. पाणी तिथवर यायला जरा वेळ लागेल."

त्या हसल्या. काकांनाही हसावं लागलं.

रविवारी गच्चीवर चौदाही घरांची माणसं जमली. टेलरताई मागच्या ओळीत, कठड्याला टेकून बसल्या होत्या. त्या बैठकींना यायच्या, पण कधी बोलायच्या नाहीत. चष्मेवाल्यांनी प्रास्ताविक केलं, ठेकेदाराचा कागद वाचला आणि म्हणाले, "म्हणजे थरावर सगळ्यांचं एकमत आहे असं धरू या. काका, आपण दोन शब्द बोला."

काका उठले. त्यांच्या हातात मग नव्हता, त्यामुळे हातांचं काय करावं हे त्यांना कळेना. "खणायला हवं," ते म्हणाले. "तळापर्यंत. दोन्ही थर काढून."

"पण काका, तुम्हीच तर तेव्हा..."

"तेव्हा मी चुकलो."

गच्चीवर कुजबुज झाली. चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावर चढवला. "चुकलात म्हणजे? असं का सांगितलंत मग?"

खरं कारण काकांच्या ओठांवर होतं. ते मागच्या ओळीत, कठड्याला टेकून बसलं होतं. चारचौघांत ते सांगणं म्हणजे एका बाईची अठरा वर्षांपूर्वीची अडचण गच्चीवर वाळत घालणं. "मला कळलं नाही," ते म्हणाले. "कामातलं तेवढं मला कळत नव्हतं."

ज्या माणसाने दुसऱ्यांच्या न्हाणीघरांना नापास करण्यात हयात घालवली, त्याच्या तोंडून हे वाक्य निघायला किती कष्ट पडले असतील याचा अंदाज तिथे कुणाला आला नाही. काकूंना आला. त्या खाली मान घालून बसल्या.

"काका, राग मानू नका," चष्मेवाले म्हणाले, आणि खरंच त्यांच्या मनात काही वाईट नव्हतं. "पण तेव्हा कळलं नाही, तर आता कळतंय हे कशावरून?"

दोघं-तिघं हसले. प्रश्न बिनतोड होता. मुकादमाने स्वतःच आपली मुकादमी मोडीत काढली होती, आता त्याच्या शब्दाला कोण विचारतो? काका खाली बसले. "थराच्या बाजूने हात वर करा," चष्मेवाले म्हणाले, आणि एकेक हात वर जायला लागला.

"हात खाली घ्या जरा."

सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. टेलरताई उभ्या राहिल्या होत्या.

"मुकादमकाका खोटं बोलतायत," त्या म्हणाल्या. "त्यांना तेव्हाही सगळं कळत होतं. कळलं नव्हतं ते एवढंच, की त्यांच्या घरात गुपित टिकत नाही."

काकूंना एकाएकी चपलेचा पट्टा नीट करावासा वाटला.

"त्या वर्षी आमचे हे गेले. माझ्याकडे साधा वाटाच जेमतेम होता, दुप्पट कुठून आणणार? आणि कुणाचे पैसे मी घेतले नसते. म्हणून या माणसाने सगळ्यांचाच वाटा कमी करून टाकला. स्वतःच्या कामाला बट्टा लावून. काकू दुसऱ्याच दिवशी येऊन मला सांगून गेल्या, आणि वर शपथ घातली, यांना कळू देऊ नको म्हणून. अठरा वर्षं पाळली मी ती. आजही गप्पच बसणार होते, सामान बांधून निघून गेले असते. पण या माणसाला कामातलं कळत नाही असं कुणी म्हणावं, हे नाही मला ऐकवत."

काकांनी मान वर केली. त्यांचा आवाज इतका बारीक झाला होता की पुढच्या ओळीतल्यांनाच ऐकू आला. "एवढं पाणी घरात येत होतं ताई. मला एकदा बोलायचं तरी."

"काय बोलू काका? माझ्यासाठी केलेल्या गोष्टीची तक्रार तुमच्याकडेच करू?"

त्यांनी पिशवीतून एक पाकीट काढलं आणि ओळींमधून वाट काढत चष्मेवाल्यांच्या पुढ्यात नेऊन ठेवलं. "हा माझा वाटा. खणायचा, पूर्ण. चार-पाच वर्षं बाजूला टाकत होते, न जाणो कधी विषय निघाला तर. माझ्या दोन पायऱ्या आहेत खाली. ह्यांनी बांधलेल्या. मला त्या परत हव्यात."

चष्मेवाल्यांनी चष्मा कपाळावरून काढला आणि बराच वेळ पुसला. त्या काचांवर काही पडलेलं नव्हतं. पुन्हा नाकावर चढवून ते म्हणाले, "खणायच्या बाजूने हात वर करा." आणि हात मोजायच्या आधीच त्यांनी आणखी एक गोष्ट जाहीर केली, जी पुढे गल्लीचा नियमच झाली: ज्याला एकदम जमत नसेल त्याने तीन वेळा मिळून द्यावं, आणि कारण कुणी विचारायचं नाही.

त्या दिवशी काका-काकू बरोबरच घरी निघाले. दारात पोचल्यावर काका म्हणाले, "तुझ्या पोटात एक दिवससुद्धा राहिलं नाही?"

"रात्रभर राहिलं की," काकू म्हणाल्या.

काम सुरू झालं आणि काकांच्या अंगात पुन्हा वारं शिरलं. सकाळी सातला ते टोपी घालून, खुर्ची आणि मग घेऊन रस्त्याच्या कडेला हजर. ठेकेदार आधी हसला, दुसऱ्या दिवशी कुरकुरला आणि तिसऱ्या दिवशी काका लांबून दिसले तरी आपल्या माणसांना ओरडायला लागला, "उतार बघा रे, ते मगवाले आले!" खणलेल्या कडेला तिन्ही रस्ते एकावर एक चढलेले स्वच्छ दिसत होते. काका काठीने वरचे दोन दाखवून येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगायचे, "हे माझं पाप." सांगताना ते आता हसायचे, हे विशेष.

खालच्या घरापाशी यंत्र पोचलं तेव्हा काका आडवे आले. "इथून हाताने."

दोन माणसं छिन्नी-हातोडा घेऊन बसली. डांबराच्या ढलप्या निघाल्या, खडी निघाली आणि दुपारपर्यंत दुसरी पायरी उघडी झाली. ती साधीच होती, सिमेंटची. सगळ्यात खालची निघाली ती चिखलाने माखलेली. टेलरताई दारात उभ्या होत्या, हातात टेप, गळ्यात दोरा, कुणाचं तरी शिवण अर्धवट टाकून आलेल्या. काकांनी मग भरला आणि पायरीवर ओतला.

चिखल गेला आणि खालून रंग वर आले. निळा, पिवळा, चट्ट्यापट्ट्यांचा, शेवाळी, दुधी. पायरीभर फरशीचे बोटाएवढे तुकडे सिमेंटमध्ये बसवलेले होते. कधीकाळी गल्लीने ही पायरी रोज पाहिली असणार, पण तेव्हा ती नुसती पायरी होती, तिच्याकडे कोण बघतो. काकांनी खाली बसून निळ्या तुकड्यावर बोट ठेवलं.

"हा माझ्या न्हाणीघरातला."

"हो," ताई म्हणाल्या. "उरलेला तुकडा टाकवत नसे ह्यांना. खिशात घालून घरी आणायचे."

चष्मेवाले कामाची पाहणी करायला आले होते, तेही वाकले. पिवळा तुकडा त्यांच्या स्वयंपाकघराचा निघाला. घटकाभरात सगळी गल्ली गोळा झाली. जो तो वाकून आपापला तुकडा शोधत होता, सापडला की लहान मुलासारखा ओरडत होता. "थांबा, हा आमचा! जिन्याखालचा!" चष्मेवाल्यांनी मोजले. तेरा भरले.

"चौदावा?"

ताईंनी पायरीचं उजवं टोक दाखवलं. तिथे बोटभर जागा मोकळी होती, काळजीपूर्वक खाचा पाडून ठेवलेली. "ती आमची. आमच्या घरात कुठली फरशी? साधं सिमेंट. म्हणायचे, सगळ्यांची बसवून झाली की आपल्याकडे बसवतो, तेव्हा लावू." त्यांनी टेप हाताभोवती गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली.

रस्ता पुरा झाला त्याच्या दुसऱ्या दिवशी काकांनी वरच्या टोकाला बादलीभर पाणी ओतलं आणि त्याच्याबरोबर चालत खाली आले. पाणी मध्ये कुठे थांबलं नाही. टेलरताईंच्या दाराशी आलं, तीन पायऱ्यांच्या खालून वळलं आणि गटारात गेलं. काकांनी वर पाहिलं. "ताई, यंत्र खाली घेऊ या?"

विटा काढायला चष्मेवालेही आले. यंत्र उतरलं, टेबल उतरलं, कपाट आणि पलंग उतरले. ताई स्टुलावर बसल्या, पाय पायट्यावर ठेवले आणि म्हणाल्या, "झाले पुन्हा बुटकी."

काका विटा बाहेर नेऊन रचत होते. त्यातली एक कडेला फुटली आणि बोटाएवढा कपचा खाली पडला. काकांनी तो उचलला, तळहातावर घेऊन जरा वेळ बघितला आणि घरी जाऊन थोडं सिमेंट कालवून आणलं. गवंडीकाम त्यांना येत नव्हतं, आणि चौदावा तुकडा बाकीच्या तेरांपेक्षा किंचित खोल बसला. सिमेंट धरायला दोन दिवस जाऊ दिले. तिसऱ्या दिवशी सवयीप्रमाणे त्यांनी पायरीवर मगभर पाणी ओतलं. पाणी सगळ्या रंगांवरून सरसर निघून गेलं, विटेच्या तुकड्यावर मात्र चमचाभर थांबून राहिलं.

"पुन्हा बसवावा लागणार," काका ओशाळून म्हणाले.

टेलरताई दोन कप चहा घेऊन बाहेर आल्या होत्या. त्या वाकल्या आणि त्या चमचाभर पाण्याकडे बघत राहिल्या. "राहू दे काका," त्या म्हणाल्या. "तेवढं थांबू दे."

काकांनी मग उपडा ठेवला, पायरीवर बसले आणि चहा घेतला.